तोकुजीच्या घोट्याचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना स्नायू आहे. तोकुजी नावाच्या म्हाताऱ्याच्या उजव्या पायात, नडगीच्या बाहेरच्या अंगाला माझा मुक्काम. आत्ता आम्ही बर्फाखाली आहोत. अंधार आहे, गारठा आहे, म्हणून लवकर आटपतो.

सरळ चालताना माझ्यावाचून फारसं अडत नाही. खरी परीक्षा आडव्या पावलाची. आडवं पाऊल पडलं की सगळा भार एका पायावर येतो आणि पाऊल बाहेर कलंडू पाहतं. डोक्यातून हाक येते, मी पावलाची बाहेरची कड वर खेचतो, आतल्या अंगाचा माझा भाऊ उलटं ओढतो, आणि आमच्या या ओढाताणीत माणूस उभा राहतो. आमच्या डोंगरी गावात हिवाळाभर छपरावरचा बर्फ उपसावा लागतो, तोही वळचणीच्या कडेने खेकड्यासारखं सरकत. तरुण तोकुजी वर चढला की शेजारी म्हणत, "याला मांजराचे पाय लावलेत!" माझं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी सुखात होतो.

गेल्या शरदात झाडावरची फळं उतरवताना तोकुजीचा पाय मुरगळला. घोटा टम्म फुगला. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, सूज गेली तरी रोज भिंतीलगत आडवे चाला. नाहीतर पाय ऐनवेळी दगा देईल." सूज गेली, दुखणं गेलं, आणि तिचे शब्दही विसरले गेले. मी मात्र पूर्वीचा राहिलो नव्हतो. हाक आली की दचकून उशिरा उठायचो. मला स्वतःचीच भीती वाटू लागली.

ते त्याच्या बायकोच्या, फुसाएच्या ध्यानात आलं. "अहो, मोजे घालताना भिंत कशाला धरता?"

"पडेल बिचारी, म्हणून धरतो."

या आठवड्यात बर्फ थांबेचना. घरातली सरकती दारं अडू लागली, म्हणजे छपरावर ओझं फार झालं. शेजारचा इसाओ म्हणाला, "काका, उद्या दोघं चढू, दोरी बांधून. एकटे जाऊ नका हं!" तोकुजी 'बरं बरं' म्हणाला. पण सकाळी पाहतो तर इसाओचं स्वतःचं छप्पर तसंच भरलेलं. आमच्याकडे दुसऱ्याला तसदी द्यायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. "त्या पोराला कशाला त्रास?" असं पुटपुटत तो दोरीविनाच चढला.

ऊन पडलं, बर्फ सैल झाला. वळचणीशी त्याने आडवं पाऊल टाकलं. बूट कलंडला. हाक आली. मी खेचलं, पण उशिरा. तो खाली पडला आणि छपरावरचा बर्फ त्याच्यावर कोसळला.

मित्रांनो, दुखणं थांबलं म्हणजे अंग बरं झालं असं समजू नका. आणि मदतीला येणाऱ्याला कधी नको म्हणू नका.

वरून आवाज येताहेत. "अहो, कुठं आहात हो?" ही फुसाए. "काकू, कुठं खणू? काहीच दिसत नाही!" हा इसाओ.

तोकुजीचे हात दबलेत. श्वास लहान झालाय. बुटाच्या टोकावर मात्र बर्फाचा पातळच थर आहे. मला काम एकच येतं, पाऊल बाहेर वळवायचं. हाक आली, अगदी क्षीण. या खेपेला मी वेळेत खेचलं.

"इसाओ, तिथला बर्फ हलला! तिथं!"

फावडी आता जवळ वाजताहेत. मी तयार आहे. तोकुजीची पुढची हाक अजून आलेली नाही.