शेगडी बंद होती

‘इतर’ या रकान्यावर माझा मनापासून राग आहे. देशभरातल्या आगींचा जो वार्षिक तक्ता तयार होतो, त्यात आमच्या रत्नागिरीच्या आगीही जातात, आणि त्या दर महिन्याला भरून पाठवायचं काम अग्निशमन केंद्रात माझ्याकडे असतं. कारणं ठरलेली: विजेचा बिघाड, शेगडी, फटाके, निष्काळजीपणा. यात काहीच बसलं नाही की ‘इतर’. कुणाची बाग गेली, कुणाचं दुकान गेलं, आणि आपण हात झटकून मोकळे! नव्या मुलांना मी सांगून ठेवलंय, ‘इतर’ लिहिलंत तर चहा बंद.

आणि त्या वर्षी मीच ‘इतर’ लिहायला तडफडत होते. कारण साहेब म्हणत होते, लिही, शेगडी, निष्काळजीपणा. आणि तो निष्काळजी माणूस म्हणजे माझे बाबा.

बाबा, म्हणजे शिवा, मिरकरवाडा बंदरात सगळ्यांना ठाऊक. हिराकाकीच्या बोटीवर ते जन्मभर स्वयंपाक करत आले. हिराकाकी आमची शेजारीण. नवरा गेल्यापासून बोट तीच चालवते आणि खलाशांना तीच धारेवर धरते. हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर तिची बोट तेलपाणी करून जेटीला बांधलेली होती, आणि एका पहाटे केबिन पेटली. बोटीवर कुणी नव्हतं. आदल्या संध्याकाळी सगळ्यांसाठी चहा करून शेवटी उतरले होते ते बाबा.

झालं! भर जेटीवर, लहान होड्यांच्या मासळीचा लिलाव थांबवून हिराकाकी ओरडली, “शिवा, शेगडी तशीच ठेवून गेलास! माज्या बोटीवर परत पाय ठेवू नको.” तिनं नाही घेतलं म्हटल्यावर बाकीच्यांनीही घेतलं नाही.

पहिले काही दिवस बाबा ठामपणे सांगायचे, “शेगडी बंद व्हती.” मग म्हणू लागले, “बंद केली असणार.” आणि एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी मलाच विचारलं, “भाविका, मी बंद केली व्हती काय गो?” कामाचं जाऊ दे, पण स्वतःच्या हातांवरचा त्यांचा विश्वास चालला होता.

मी तडक ऑफिसात गेले आणि जुन्या वर्षांच्या नोंदी उपसून काढल्या. जेटीला बांधलेल्या बोटींच्या आगी बाजूला काढल्या. फार नव्हत्याच, वर्षाला एखाददुसरी. पण सगळ्या नारळी पौर्णिमेच्या आसपासच्या! सगळ्या रिकाम्या बोटींवरच्या! आणि बहुतेकींचं कारण? शेगडी. मी खुर्चीतून उठलेच. अरे, डिसेंबरात बोटीवर दोन्ही वेळचं जेवण शिजतं, चहाची किटली तर खाली उतरत नाही. शेगडीच गुन्हेगार असेल तर ती डिसेंबरात का गप्प बसते?

“साहेब, शेगडी नाही!”

“मग काय?”

“ते माहीत नाही.”

“म्हणजे इतर,” साहेब म्हणाले. नेमकं माझ्याच वर्मावर! “उद्या संध्याकाळी या महिन्याचा तक्ता जाणार. तोवर सापडलं तर सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेटीवर हजर. हिराकाकीची नवी केबिन उभी राहिली होती आणि ती स्वतः फडक्यानं फळ्यांना तेल चोळत होती. माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. तेल चोळून झाल्यावर तिनं सगळी ओली फडकी गोळा केली, लाल कापडात बांधली, हळदकुंकू वाहिलं आणि ती पुरचुंडी केबिनमधल्या गोधड्यांच्या गठ्ठ्याखाली सारली.

“काकी, हे काय?”

“बोट म्हंजे लक्ष्मी, तिचं अंग पुसलेलं कापड कोन टाकतं काय? पयली मासळी मिळाली का समुद्राला सोडायचं. सासूची रीत हाय, सगळ्याच बोटींवर पाळतात.”

“आणि तेल कुठलं?”

“सासू खोबरेल लावायची. आता बेलतेल. दुकानातलं. लाकडाला झळाळी काय येते, बघ!”

बेलतेल! प्रशिक्षणात आमच्या सरांनी सांगितलं होतं, सुतारानं अळशीच्या बेलतेलाची फडकी कोंबून ठेवली तर ती वाळता वाळता आतून तापतात आणि आपोआप पेटतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं आणि विसरले होते.

“काकी, त्या पहाटेची आग अशाच पुरचुंडीनं लावली!” मी इतक्या जोरात ओरडले की मासे कापणाऱ्या बायका कोयते टाकून उठल्या.

हिराकाकी लालबुंद झाली. “बापाला वाचवायला देवाचं नाव खराब करतंस?”

“मग पैज लावा! पुरचुंडी इथंच उघड्यावर ठेवू. नाही पेटली तर तक्त्यात बाबांचंच कारण लिहीन.”

बोलून गेले आणि जीभ चावली. पण आता माघार कसली! पत्र्याचा एक मोठा डबा आणला, तळाशी गोधडी, मध्ये पुरचुंडी, वर गोधडी आणि झाकण. आमच्या बंबाचा ड्रायव्हर निलेश आग विझवायचं नळकांडं घेऊन मोटरसायकलवर आला. “भाविकाबाई फडक्यातून आग काढणार म्हणे. अंगारा पण वाटणार काय?” त्याला मी असं बघितलं की तो गुपचूप डब्याशेजारी उभा राहिला.

ही गर्दी जमली! चहाच्या पैजा लागल्या. ऊन पडलं, सर आली, छत्र्या उघडल्या, पुन्हा ऊन. डबा ढिम्म. दुपार झाली तसे लोक पांगू लागले. कुणीतरी म्हणालं, “आत वरणभात ठेवला असता तर शिजला तरी असता.”

तेवढ्यात बाबा आले. “चल घरी, पोरी. असंल माजीच चूक.”

“नाही चुकलात तुम्ही!” मी त्यांच्यावरच कडाडले. “आणि परत असं म्हणालात तर मी जेवणार नाही!”

“आयायायाय!” निलेश किंचाळला. डब्याला हात लावून तो बोटं झटकत नाचत होता. “तापलाय! अगो, कढईसारखा तापलाय!”

सगळे पुन्हा धावले. जळक्या रंगासारखा उग्र वास सुटला. झाकणाच्या फटीतून पांढरी रेघ वर आली, मग जाड धूर. निलेशनं काठीनं झाकण उडवलं, वारा आत गेला आणि भप्प! हातभर ज्वाळा! बायका ओरडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या, मी तर निलेशलाच मिठी मारली. निलेशनं नळकांडं रिकामं केलं.

धूर विरला तेव्हा बाबा डब्याजवळ उकिडवे बसले होते. काळ्या चिंध्यांकडे बघत म्हणाले, “म्हंजे मी बंद केलीच व्हती.” आणि जेटीवर एवढी माणसं असताना ते ढसाढसा रडले.

हिराकाकी मागे फिरली आणि निघून गेली.

संध्याकाळी मी तक्ता भरला. बेलतेलाला रकाना नव्हताच, म्हणून ‘इतर’ लिहिलं. पण शेरा असा सविस्तर लिहिला की साहेबांनी दोनदा चष्मा पुसला. उठते तर दारात हिराकाकी.

“लिव. आग हिरानं लावली.”

“काकी, यात कुणाचं नाव लिहीत नाहीत. नुसतं कारण.”

“नाव नाय लिवत? मग मी जेटीवर शिवाचं नाव घेतलं, ते खोडनार कुठं?”



नारळी पौर्णिमेला सगळा मिरकरवाडा जेटीवर लोटला होता. ताशे वाजत होते. बोटीचा नारळ मालकानंच समुद्राला द्यायचा, ही रीत. हिराकाकी सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन पुढे गेली, आणि तिनं हात वर करून ताशे थांबवले.

“शिवा!” ती ओरडली. तोच आवाज, तीच जागा. “शेगडी बंद व्हती! पुरचुंडी माजी व्हती! ऐकलंव काय सगळ्यांनी?”

मागे उभ्या असलेल्या बाबांना लोकांनी पुढे ढकललं. हिराकाकीनं नारळ त्यांच्या हातात ठेवला.

“तू सोड.”

बाबांनी नारळ कपाळाला लावला. नारळ पाण्यात पडला, ताशे एकदम कडाडले, आणि बाबा बोटीवर चढले.