बगदादचे खापरपणजोबा

सिपोराताईंनी पोहे परातीत ओतले आणि ओट्याशी उभ्या राहून त्या ते निवडू लागल्या. अलिबागहून निघताना त्यांनी ते चाळून आणले होते, तरी बोटं थांबत नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ ॲरन स्वयंपाकघरात आला, फ्रिज उघडला, काहीच न घेता बंद केला आणि परत गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला.

“पायाला भिंगरी लागलीय का रे तुझ्या?” ताई मागं न बघता म्हणाल्या. “शुक्रवारची सुट्टी आहे ना? बस की एका जागी.”

“बसलोय ना,” ॲरन उभ्या उभ्याच म्हणाला.

दोह्याच्या हमद पोर्टवर कंटेनरांची आवकजावक सांभाळणारा हा माणूस. कुठला डबा कुठं पडलाय ते झोपेतही सांगेल. पण फोनमध्ये आलेल्या एका ईमेलचं काय करायचं, ते त्याला सकाळपासून सुचत नव्हतं.

त्यांच्या घरात एक गोष्ट देवासारखी जपलेली होती. खापरपणजोबा म्हणे बगदादहून आलेले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. कोकणात उतरून त्यांनी इथल्या बेने इस्रायल ज्यूंना हिब्रू प्रार्थना शिकवल्या, इथंच लग्न केलं, इथंच देह ठेवला. बाकीचे सगळे शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आणि आपण रब्बींच्या वंशातले! हे सांगताना बाबांची पाठ ताठ व्हायची. पगार बेताचा, घर भाड्याचं, पण ऐट बगदादची. त्याच ऐटीत त्यांनी हनोक पेणकरचं स्थळ परत पाठवलं. मुलगा बँकेत लागलेला, स्वभावानं गरीब, ताईंच्या मनात भरलेला. पण त्याचे आजोबा घाण्यावर बसायचे. त्यानंतर ताईंनी कुठलंच स्थळ पाहिलं नाही. शाळेत शिकवलं आणि बाबांचं म्हातारपण काढलं. ॲरननं वसईच्या ख्रिस्ती लिडियाशी लग्न केलं, तेव्हा मात्र बाबा महिनाभर अबोला धरून निवळले. मुलाचं खपून जातं.

बाबा गेल्यावर डीएनएचं खूळ काढलं ते ताईंनीच. ॲरन मुलीला भेटायला टोरांटोला गेला, तेव्हा त्यांनी फोनवर धोशा लावला, तिकडं लाळ तपासून मूळ शोधतात म्हणे, तेवढं देऊन ये. तो देऊन आला. घराण्यांच्या वंशावळी जुळवणाऱ्या तिथल्या एका बाईंना त्यानं बाबांनी सांगितलेली सगळी नावंही कळवली. आणि आज सकाळी त्या बाईंचं उत्तर आलं. त्या रब्बींचे खरे वंशज लंडनमध्ये आहेत. त्यांच्याशी तुमचं काहीही जुळत नाही. तुमच्या वडिलांकडची रेघ कोकणातल्या बाकीच्या बेने इस्रायल घरांसारखीच आहे. रब्बी काही वर्षं तुमच्या पूर्वजांच्या ओसरीवर मुक्कामाला असावेत, एवढंच.

पाहुणा म्हणून आलेला माणूस घरात पूर्वज होऊन बसला होता.

हे ताईंना सांगायचं कसं? दोह्यात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांनी बजावलं होतं, “निकाल आला की मलिदा करायचा. एलियाहू हनाबीला बोललेय मी.” मलिदा म्हणजे त्यांच्यात या प्रेषिताचा नवस फेडायचं ताट: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. पोहे, गूळ, वेलची, सगळं त्या बॅगेतून घेऊन आल्या होत्या. कशासाठी नवस, हे ॲरननं विचारलंच नाही. बाबांची लेक दुसरं काय मागणार?

लिडिया ड्यूटीच्या कपड्यांत बाहेर आली. हॉस्पिटलची बस यायला अजून वेळ होता. तिनं नवऱ्याचा चेहरा वाचला आणि त्याला पॅसेजमध्ये ओढलं.

“सांगून टाक ना. देवाच्या ताटावर खोटं कशाला?”

“एवढे पोहे घेऊन आलीय ती. तिला काय सांगू, रब्बी आपले नव्हतेच? आयुष्य काढलं तिनं त्या नावावर.”

“म्हणूनच सांग.”

पण ॲरनचा जीव तेवढा घट्ट नव्हता. तो आत गेला आणि कंटेनर उतरवून घ्यावा तसं एका दमात म्हणाला, “ताई, रिपोर्ट आलाय. रब्बी आहेत. अगदी सरळ रेघ.”

ताईंची बोटं थांबली.

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी मान हलवली. मग परात उचलून पोहे पुन्हा पिशवीत भरायला घेतले, सांडू न देता, अगदी सावकाश.

“लिडिया, संध्याकाळी याचे कांदेपोहे कर गं. उगाच वाया नकोत.”

“आणि मलिदा?” ॲरननं विचारलं.

“नवस फळला तर फेडायचा ना?”

ॲरनला काही उमजेना. दारात उभ्या लिडियाला उमजलं असावं. तिनं खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली.

“हनोकची बायको गेली, चार वर्षं झाली,” ताई पिशवीला गाठ मारत म्हणाल्या. “नव्याच्या सणाला घरी येऊन विचारून गेला. या वयात, बघ! पण मी बाबांना शब्द दिला होता, रब्बींच्या घराला खाली बघायला लावणार नाही. म्हटलं, रब्बीच नसतील तर शब्द कसला? तेवढंच मागितलं होतं.” त्या हसल्या, आणि ते हसू ॲरनला बघवेना. “आहेत, तर आहेत. बाबा खोटं बोलत नव्हते, हे तरी कळलं. आता तुझ्या फोनवरून हनोकला लाव. इथं व्हॉट्सॲपचा फोन लागत नाही. बिचाऱ्याला ताटकळत ठेवायला नको.”

त्यांनी नंबर तोंडपाठ सांगितला. ॲरननं तो दाबला, फोन स्पीकरवर टाकला. तिकडं रिंग वाजू लागली.

“ताई, मी खोटं बोललो. रब्बी नाहीत.”

“आता खोटं बोलतोयस,” ताई शांतपणे म्हणाल्या. “मला बरं वाटावं म्हणून.”

“अगं खरंच. ईमेल आहे, थांब, वाचून दाखवतो—”

“ईमेल राहू दे. माझ्याकडे बघून सांग.”

ॲरननं वर पाहिलं. एका भल्या खोटेपणापायी आपण बहिणीला पुन्हा बाबांच्या दारात उभं केलं, याची त्याला लाज वाटली. रिंग वाजतच होती.

“नाहीत, ताई. ते आपल्याकडे पाहुणे म्हणून राहिले होते. आपण तेलीच आहोत. पेणकरांसारखेच.”

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. लहानपणी गृहपाठ केलाय की नाही ते शोधायच्या, तशा. लिडियानं पुढं होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“हॅलो?” फोनमधून एक दमलेला, म्हातारा आवाज आला. “कोण बोलतंय?”

ताईंनी फोन ॲरनच्या हातातून घेतला. स्पीकर कसा बंद करतात ते त्यांना माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही.

“मी सिपोरा,” त्या म्हणाल्या. आणि दुसऱ्या हातानं पोह्यांच्या पिशवीची गाठ सोडू लागल्या.

“बोल ना,” हनोक म्हणाला. “काय ते बोल. मी वाईट वाटून घेणार नाही.”

“जेवलास का?” ताईंनी विचारलं.