अधोलीवरची शीग

"त्यो रूळ काढा आधी माझ्या अधोलीवरनं!" धोंडुबाई कडाडली.

"न्हाय काढत!" बोर्डिंगाचे चिटणीस आण्णाही इरेला पेटले. "फंड दहा पोरांचा हाय. ही अकरावी कुठनं आणलीस?"

त्या दोघांच्या मधे मी, जोंधळ्यानं शिगोशीग भरलेली. होय, ती अधोली मीच. दोन शेरांचं माप. मला अक्षर कुणी शिकवलं नाही. बोर्डिंगातली पोरं पाठ घोकायची, ते ऐकून ऐकून मी शहाणी झाले. तेव्हा मला नुसतं लाकडाचं भांडं म्हणायचं काम नाही.

पन्हाळ्याच्या अंगाला मी फणसाचं झाड होते. धुकं यायचं, अंगावर निजायचं, उठून जायचं. मग गैबी कातारी आला. त्यानं एका ओंडक्यातून मला कोरून काढलं, काठाला पितळेची पट्टी ठोकली. पोटातलं लाकूड गेलं तेव्हा वाटलं, संपलं आपलं. पण पहिल्यांदा जोंधळा आत पडला, दूरवरून मेंढरांचा कळप चालत यावा तसा सळसळ आवाज झाला, आणि ही पोकळी कशासाठी ते मला उमगलं.

महाराजांच्या राज्यात तेव्हा कोल्हापुरात शिकणाऱ्या गरीब पोरांसाठी ठिकठिकाणी बोर्डिंगं निघत होती. आमचं अगदी लहान. पेठेतल्या बाया दळायला बसण्याआधी मूठभर जोंधळा बाजूला काढायच्या, त्यालाच मूठफंड म्हणायचे. बोर्डिंगात भाकऱ्या थापणारी धोंडुबाई दर शुक्रवारी मला कमरेवर घेऊन दारोदार जायची. बाया मला काठापर्यंत भरायच्या आणि तिथं थांबायच्याच नाहीत. वर आणखी ओंजळ, त्यावर आणखी चिमूट. माझ्या डोक्यावर डोंगर उभा राहायचा. तीच शीग. ती सांडू नये म्हणून धोंडुबाई नव्या नवरीसारखी चालायची.

पोरांना शिधा देताना मात्र आण्णा माझ्या काठावरून आपला लाकडी रूळ फिरवायचे. डोंगर सपाट! घेताना शीग, देताना सपाट. उरलेला जोंधळा कोपऱ्यातल्या कणगीत साचत गेला. खोटं कशाला बोलू, आण्णांनी त्यातला दाणाही घरी नेला नाही. पण कुणाला दिलाही नाही. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. देणारा विसरून जातो, सांभाळणारा मात्र मालक होऊन बसतो.

आणि त्या दिवशी खोगीर शिवणारा लालासाब लेकीला घेऊन दारात आला. फातिमा चौथी पास झालेली. घरात खाणारी तोंडं सात.

"आक्का, सोमवारी हिला हुपरीला धाडतोय," तो धोंडुबाईला म्हणाला. "मावशीकडं चांदीची घुंगरं घासंल. दोन घास तरी मिळतील."

"आणि साळा?"

लालासाब लेकीचा हात धरून निघायला वळला.

धोंडुबाई उठली, कणगीतून मला भरून घेतलं आणि म्हणाली, "महिन्याला चार अधोल्या न्या. पोरगी साळंतच ऱ्हाईल." फातिमानं ओढणी पसरली. तेवढ्यात आण्णांचा रूळ माझ्यावर आडवा पडला.

पुढं भांडण किती वेळ चाललं, सांगता येत नाही. फातिमानं मात्र ओढणीची टोकं काही सोडली नाहीत.

आता माझा काठ तडकलाय. माप म्हणून मी बाद. फातिमाबाई मास्तरीण झाल्या, त्यांच्या टेबलावर मी खडू सांभाळते. दुपारी मुली पाढे म्हणतात, खडूची धूळ उन्हात तरंगते, आणि मला पन्हाळ्याचं धुकं आल्यासारखं वाटतं. बाबांनो, मला चुलीत घालू नका, एवढंच मागणं. आणि कुणाचं दान तुमच्या हातून पुढं जाणार असेल, तर रूळ जरा लांब ठेवा.

डोळा लागला की तोच दिवस समोर येतो. आण्णा म्हणतायत, "नियमात शीग कुठंच लिहिलेली न्हाय, धोंडे!" कमरेवर हात ठेवून ती उभी आहे. आणि मग तिचं ते बोलणं, जे ऐकून आण्णांनी रूळ काखेत घातला आणि ओढणीत जोंधळा सळसळत पडला:

"मग परत करून या की, आण्णा! दारोदार हिंडा, आन् एकेका बाईला तोंडावर सांगा, बाई गं, तुझी शीग आमाला नको, काठापत्तुरच दे!"