टॉडने लपवलेला चेंडू

आर्याच्या नडगीवरचा व्रण अजून जांभळा होता. बेसबॉलच्या गेल्या हंगामात जयेश घसरत ती राखत असलेल्या दुसऱ्या बेसवर आला, तेव्हा त्याने खिळ्यांचे बूट मुद्दाम वर उचलले होते. ती विव्हळत होती आणि तो हसत म्हणाला, "अगं, मैदान आहे हे, तुझी लॅब नाही." हंगाम तिने बाकावर काढला. माफी तिला नकोच होती. त्याला सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने बाद करायचं होतं.

बसल्या बसल्या ती एल्मर टॉडबद्दल मिळेल ते वाचण्याच्या मागे लागली. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या लहान गावांच्या संघांतून तो पगारावर बेसबॉल खेळायचा, दुसऱ्या बेसवर. फलंदाजी बेताची. एका खेळाडूने त्याचाही गुडघा खिळ्यांनी फोडला. टॉड लंगडत परतला आणि उरलेली कारकीर्द त्याने ग्लव्हमध्ये चेंडू लपवून त्याच माणसाला गाठण्यात घालवली. लोकांना ते हलकट वाटलं. आर्याला पद्धतशीर वाटलं.

शुक्रवारी सकाळी आखातातल्या अरादच्या मैदानावर शेवटचा डाव रंगला. जयेशने चेंडू लांब टोलवून दुसरा बेस गाठला. परत आलेला चेंडू आर्याने ग्लव्हमध्येच ठेवला, चेंडू दिल्यासारखं करत पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या अझहरच्या ग्लव्हवर रिकामी मूठ आपटली आणि जागेवर आली. अझहर बुटाची नाडी बांधत रेंगाळला.

जयेश जन्मभर क्रिकेट खेळलेला. तिथे धाव झाली, चेंडू गोलंदाजाकडे गेला, की फलंदाज निवांत क्रीजबाहेर येऊन खेळपट्टी थोपटतो. बेसबॉलमध्ये पंच 'टाइम' म्हणेपर्यंत खेळ चालूच असतो, आणि बेसवरून उतरलेल्याला हातातला चेंडू टेकवला की तो बाद. जयेशला हा नियम पाठ होता, त्याच्या पायांना नव्हता.

"पाय बरा ना गं आता?"

"एकदम, जयेशदादा. तुमचा?"

तो खळखळून हसला, बेसवरून उतरला आणि बुटाने माती सारखी करू लागला. आर्याने चेंडूसकट ग्लव्ह त्याच्या बरगडीत हाणला. गरजेपेक्षा बराच जोरात.

"आउट! खलास!" पंच अम्मार ओरडला.

"चीटिंग आहे ही! बॉल अझहरकडे होता!"

अझहरने दोन्ही हात वर केले. "माझ्याकडं मफी, भाई. नाहीच बॉल."

सावलीत बसलेली जयेशची बायको निवेदिता सगळ्यांत मोठ्याने हसली. जयेशचे कान लाल झाले. "पुढच्या शुक्रवारी बघतो तुला!"

"या ना. मी इथेच उभी असते."

आर्याने चेंडू त्याच्या पायांशी टाकला. सवयीने तो उचलायला वाकला, आणि तो वाकलेला असतानाच टाळ्या सुरू झाल्या.