पश्चिमेचा दरवाजा आणि उरलेल्या विटा

मी वणीच्या गुरुद्वाऱ्याचा पश्चिमेचा दरवाजा बोलतोय. माझ्यासमोर अजून विटा पडल्या आहेत. त्या कोणी उचलून नेईपर्यंत माझा कोणावरही विश्वास नाही, तुमच्यावरही नाही.

आम्ही चार भाऊ, चार दिशांना. कोणीही कुठूनही यावं म्हणून आम्हाला असं उभं केलं. आत शिरताना पायरी खाली उतरते, म्हणजे मोठ्यातल्या मोठ्यालाही खाली उतरूनच यावं लागतं. वरचा घुमट पांढरा आहे म्हणतात. कोळशाच्या ट्रकांनी तो पांढरा राहू दिला तर ना!

पूर्वेच्या भावासमोर मोठा रस्ता, गाड्या, सगळा मान त्याचा. माझ्या वाट्याला पाण्याचा नळ आणि मागची वस्ती. त्या वस्तीतून तुळसाबाई येते. पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्याबाहेरच थबकली होती. "आमाले चालते का इकडून?"

जुने सेवेकरी बाबूसिंग हसले होते. "मावशी, दरवाजे कोनाले अडवाले नाही ठेवले."

मला मात्र ती खटकलीच. लंगरात जेवायची, भांडी घासायची आणि मग पदराखाली काहीतरी लपवून नळाकडे जायची. सरळ माणूस असं करतो का?

मागच्या रविवारी एका ट्रक ड्रायव्हरचे बूट गेले. बाबूसिंगांनी माझ्याकडे बोट केलं. "इकडूनच जाऊन राह्यले जोडे. हा दरवाजाच बुजवून टाकू." दुसऱ्या दिवशी विटा आल्या. संशय तुळसाबाईवर आणि भिंत माझ्या तोंडावर!

तेवढ्यात तीच आली. पदराखालून तेच बूट काढले. स्वच्छ, कोरडे.

"कोळसा लय बसला होता. धुतले तं वाळेचनात, म्हून घरी नेले. इथं सेवा म्हून जोडे पुसतात नं? तिकडं समोर बसाची लाज वाटे, म्हून मी मांगं नळावर पुसून राह्यली होती."

बाबूसिंगांची मान खाली गेली. ते तिच्याशेजारी ओल्या जमिनीवर बसले आणि एक बूट मागून घेऊन पुसू लागले. पुसायचं काही उरलं नव्हतं, तरी पुसत राहिले.

त्याच विटांचा नळाजवळ ओटा झाला. आता तुळसाबाई त्यावर उघड बसते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पण थोड्या विटा उरल्यात. कशासाठी ठेवल्या असतील?

म्हणून एक विनवणी आहे. वणीला आलात तर पूर्वेकडून येऊ नका. मागून या, माझ्यातून या. माणसं ये-जा करत असली की दरवाजा बुजवायला कोणाचा हात धजत नाही.