खाऱ्या पाण्यातली चाके

ठाणे स्टेशनाबाहेर उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या गाड्यांना नंबर देण्यासाठी शके अठराशे दहा साली पाच गृहस्थांची कमिटी नेमण्यात आली. त्यांपैकी चौघांना गाडीला चाके असतात एवढे ठाऊक होते. पाचवा मी. पुण्यास यंत्रविद्येच्या शाळेत तीन वर्षे काढून व पुढे सत्तावीस वर्षे सरकारी रस्त्यांवर ओव्हरसियरी करून मी घरी बसलो होतो. त्यामुळे हातोडी घेऊन चाकांपाशी वाकण्याचे काम माझ्याकडे आले. वाकणे इतरांच्या प्रतिष्ठेला परवडणारे नव्हते.

अध्यक्ष होते काळुरामशेठ. मिठागरांच्या जमिनींवर त्यांची श्रीमंती उभी होती, आणि स्टेशनाबाहेर त्यांच्या स्वतःच्या तीन नव्या गाड्या उभ्या होत्या. त्या गाड्यांना आरशासारखे रोगण होते व दसऱ्याला गोंड्याच्या माळा असत. त्यांच्या आखाला वंगण कधी लागले होते, हे मात्र त्यांच्या गाडीवानांनाही आठवत नसे. शेठजींनी पहिल्याच बैठकीत नियम केला: नव्या गाडीत दोष निघाल्यास दुरुस्तीला मुदत द्यावी, पंधरा वर्षांहून जुन्या गाडीत दोष निघाल्यास तिला कायमची काढून टाकावी. पंधरा वर्षांहून जुनी गाडी अड्ड्यावर एकच होती. नियम कोणासाठी केला आहे हे उरलेल्या तिन्ही मेंबरांना कळले, आणि तिघांनीही मान डोलावली.

ती गाडी कोपरीच्या गणूची. विलायतेस परतलेल्या एका साहेबाची शिग्राम, म्हणजे बंद घोडागाडी, त्याने विकत घेतली होती. तिचे वय सव्वीस वर्षे. तिच्यावर त्याची बायको बायजा, म्हातारी आई आणि तीन मुली जगत. तेरा वर्षांपूर्वी मासुंद्याच्या तळ्यापाशी या शिग्रामेचे चाक निखळून मी चिखलात बसलो होतो. कपडे झटकण्यापूर्वी मी गणूला विचारले, "चाके शेवटची कधी काढलीस?" तो म्हणाला, "काढायची कशाला? निघतील तवा निघतील." त्याच दिवशी मी त्याला क्रम लावून दिला. वाचता येत नव्हते म्हणून वारतिथींशी बांधून दिला: दर शनिवारी आखाला वंगण, दर एकादशीला मळसूत्रे व चामडे, दर अमावास्येला चाके उतरवून आख पुसणे, दसऱ्यानंतर एकदा आणि वैशाखी अमावास्येला एकदा नाथा लोहाराकडे नेऊन चाकांच्या लोखंडी धावा पुन्हा तापवून बसवणे. अड्ड्यावरचे लोक हसले. दगडू नावाचा एक गाडीवान तर गणूला येताजाता विचारी, "आज तुझ्या गाडीला उपास हाय का रे?" गणूने तेरा वर्षांत एक तिथी चुकवली नाही. गाडीनेही त्याला रस्त्यात सोडले नाही. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असे अड्ड्यावर कोणाच्या डोक्यात आले नाही.

तपासणी वैशाख अखेरीस ठरली होती. शेठजींनी ती एकाएकी दहा दिवस अलीकडे ओढली, आणि आदल्या दिवशी दुपारी दवंडी पिटवली. वैशाखात लाकूड सुकून आक्रसते व धाव किंचित सैलावते. म्हणूनच मी लोहाराची तिथी महिन्याच्या शेवटी ठेवली होती. एका दिवसात चार धावा बसवणे नाथाच्या बापालाही जमले नसते.

संध्याकाळी मी कोपरीस गेलो. खाडीच्या काठाला इतर गाड्यांची झाडून सारी चाके म्हशींसारखी पाण्यात पडली होती. ही इथली जुनी शक्कल. लाकूड पाण्याने फुगते, धाव घट्ट बसते, हातोडी मारली की टणकन वाजते. चार दिवसांनी ते लाकूड पूर्वीपेक्षा अधिक आकसते आणि खारे पाणी लोखंडाला आतून खाऊ लागते. पण तपासणी चार दिवसांनी नसते, ती उद्या असते. आणि उद्याच्या पलीकडे पाहण्याची अड्ड्याला सवय नव्हती.

"आप्पासाहेब," दगडू कंबरभर पाण्यातून माझ्याकडे पाहून ओरडला, "तुमची काठी पन द्या. सैल झाली असल."

गणू आपल्या अंगणात बसला होता. चाके गाडीलाच होती. बायजा दारात उभी होती.

"आप्पा, समदे बुडवतात," ती म्हणाली. "एका रातीचं पानी. त्यानं काय हुतंय?"

"चाकाला पाणी लावायचे नाही," मी गणूला म्हणालो.

"आवाज बद येतोय, आप्पा. टण वाजत नाय."

"येऊ दे. पाणी लावायचे नाही."

तो गप्प राहिला. तेरा वर्षे त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ होकार असाच होता, म्हणून मी उठलो. उद्या मी काय करणार आहे हे त्याला सांगण्याची मला गरज वाटली नाही. ओव्हरसियर मजुराला कारण सांगत नसतो.

सकाळी मैदानात बारा गाड्या उभ्या राहिल्या. मी पहिल्या चाकावर हातोडी मारली. टण. शेठजींनी "वा" म्हटले. मग मी आऱ्यावर नख ओढले आणि ते बोट जिभेला लावले.

"खारट," मी म्हणालो. "चाक खाडीत भिजवलेले आहे. आवाजावर निकाल देता येणार नाही. गाडी बाजूला."

"आप्पासाहेब," शेठजी म्हणाले, "चाकं चाटायला कमिटी नाय नेमली."

"डोक्याने काम करायलाही नेमलेली दिसत नाही. म्हणून जे अवयव आहेत ते वापरतो."

दुसरी खारट. तिसरी खारट. दगडूची इतकी खारट की माझे तोंड वाकडे झाले आणि दगडूनेच हसून लोटीभर पाणी आणून दिले. शेठजींच्या तिन्ही गाड्या रोगणासकट खारट निघाल्या. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, आणि मी तो सावकाश पाहिला. अकरा गाड्या बाजूला झाल्या. आता गणूच्या चाकाचा बद पण खरा आवाज मी या चौघांना ऐकवणार होतो, आणि धाव जागची हलत नाही हेही दाखवणार होतो.

हातोडी मारली. टण.

जीभ लावण्यापूर्वीच मला कळले. गणू घोड्याच्या कानांकडे पाहत होता. मी नख ओढले, बोट जिभेला लावले. 'फिके' म्हणालो असतो तर माझ्या मागून येऊन चाखणारा तेथे कोणी नव्हता.

"खारट," मी म्हणालो.

शेठजींना पुन्हा तेज चढले. "जुनी गाडी. दोष निघाला. नियमाप्रमानं गेली."

गणू हळूच म्हणाला, "तुमी नको म्हनलाव, आप्पा. का नको ते नाय सांगितलाव. घरात पाच तोंडं हायेत. मना भ्या वाटला."

त्याचे म्हणणे बरोबर होते. ज्या चार मूर्खांकडे मी तिरस्काराने पाहत होतो त्यांच्या रांगेत त्या क्षणी पाचवी जागा माझी होती. सकाळची युक्ती त्याला दोन वाक्यांत सांगता आली असती. मी ती खिशात घालून घरी झोपलो होतो.

"शेठजी," मी म्हणालो, "नियमात गाडीचा दोष म्हटले आहे. मीठ हा गाडीवानाचा दोष. गाडीचा दोष लाकूड सुकल्यावरच दिसेल. मीठ हाच गाडीचा दोष धरायचा असेल तर आपल्या तिन्ही गाड्यांचा दोष मी आताच लिहून घेतो, आणि उद्या सारे ठाणे तो वाचील."

शेठजींनी रोगणाकडे पाहिले. "किती दिवस म्हंता?"

"आठ. येथेच, उन्हात. कोणी चाकाला हात लावायचा नाही."

आठ दिवस अड्डा बंद राहिला. बायजा रोज मैदानाच्या कडेने जाई, गाडीकडे पाही आणि माझ्याकडे पाहत नसे. मी तेथे बसून होतो, कारण कोणी रात्री घागर ओतून जाणार नाही एवढा विश्वास मला त्या गावाबद्दल नव्हता.

नवव्या दिवशी मी हातोडी उचलली. शेठजींच्या पहिल्या गाडीची धाव हाताने फिरली. दुसरीची तशीच. दगडूच्या चाकाला मी पायाचा अंगठा लावला तो धाव सुटून मैदानात गडगडत गेली आणि एका कमिटी मेंबराच्या धोतरापाशी आडवी पडली. अकराही गाड्या मुदतीवर गेल्या. गणूच्या चाकाचा आवाज बद आला. पण धाव जागची हलली नाही. पहार लावून पाहिली तरी हलली नाही. सात महिन्यांपूर्वी, दसऱ्यानंतरच्या नेमक्या तिथीला नाथाने ती बसवली होती आणि तिच्या खालचे लाकूड कधी कुजू दिले गेले नव्हते. एक रात्र तिचे काही बिघडवू शकली नाही. ती न भिजवताही पास झालीच असती.

पत्र्याचा नंबर मी स्वतः तिच्या मागे ठोकला. नंबर एक.

तेव्हा अकरा गाडीवान व चार मेंबर भोवती जमले. मला वाटले, आता तरी हे विचारतील. मी घसा साफ करून सुरुवातही केली, "दर शनिवारी वंगण..."

"ते ऱ्हाऊ द्या," दगडू म्हणाला आणि गणूकडे वळला. "गणू, तू कुठं बुडवलेलीस रं चाकं?"

गणूने माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले.

"बांधाच्या कोपऱ्याला," तो म्हणाला. "कांदळीच्या झाडांपलीकडं."

"तरीच," शेठजी म्हणाले. "तिकडचं पानी येगळं हाय."

पुढल्या वैशाखात तपासणीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा कोपरीस गेलो. गणूची चाके दोन दिवसांपासून नाथाच्या भट्टीवर होती. बांधाच्या कोपऱ्याला मात्र पाय ठेवायला जागा नव्हती; चाकांवर चाके पडली होती आणि दगडू रांग लावत होता. कोणी घसरू नये म्हणून शेठजींनी तेथे स्वखर्चाने पाच दगडी पायऱ्या बांधून दिल्या होत्या, आणि सर्वांत वरच्या पायरीवर आपले नाव कोरवले होते.