उजवं चाक

"त्याला हात लावू नकोस ताई. ते नवीन आहे."

धाकट्या भावाने हे पुन्हा सांगितलं आणि ताईने पुन्हा ऐकलं नाही. गाडीचं पुढचं उजवं चाक काढून तिने भिंतीला टेकवलं होतं, ॲक्सलखाली लाकडी ठोकळा सारला होता आणि आता ती, ज्यावर चाक बसतं त्या हबच्या तोंडावरचे बोल्ट सोडवत होती. पान्हा असा पिळत होती, की समोर हब नसून कुणाचा तरी कान असावा.

"नवीन आहे ना? मग उघडल्यावर नवीनच दिसेल. तुला का घाम फुटलाय?"

"घाम कसला? उकडतंय."

"मग पंख्याखाली जाऊन बस."

समोरच्या शेडमधला वेल्डर काम टाकून दारात आला. त्याला फुकटचा तमाशा कधी चुकत नसे. "काय ताई, विमानाची दुरुस्ती चाललीय?"

धाकटा फसकन हसला. लगेच गप्प झाला, पण हसला तो हसलाच.

ताईने पान्हा खाली ठेवला. "विमान कुणाला म्हणालास?"

"मी कुठे? अख्खा बाजार म्हणतो."

"बाजाराला कुणी शिकवलं तेही ठाऊक आहे मला. तू जा, आपलं लोखंड जाळ."

वेल्डर गेला. बोल्ट सुटत राहिले.

*

विमान म्हणजे तिचा नवरा.

डोंगरावरच्या वाड्यांतून दूध खाली आणायचं त्याचं काम. रस्ता असा, की साधी गाडी अर्ध्यावर हात टेकते, म्हणून चारी चाकं ओढणारा हा जुना ट्रक. एका सकाळी भरल्या कॅनांनिशी उतरताना पुढचं डावं चाक तिरकं झालं. गाडी कडेच्या दगडांवर आदळली. नवऱ्याच्या मांडीचं हाड मोडलं, आणि कॅन उतारावरून गडगडत खालच्या वळणापर्यंत गेले. लोकांच्या लक्षात हाड राहिलं नाही, कॅन राहिले.

गाडी ओढून आणली ती धाकट्याच्याच गॅरेजात. डावी बाजू त्यानेच उघडली, त्यानेच जोडली आणि निकालही त्यानेच दिला. "बेअरिंगचा चुरा झालाय. भाऊजींनी गाडी ओढ्यातून घातली असणार, पाणी शिरलं. वर वेग. विमान समजले काय गाडीला?"

दोन्ही बाजूंची बेअरिंगं त्याने थोड्याच दिवसांपूर्वी बदलली होती. नवी वस्तू आपणहून मोडत नाही. मग ती कुणी मोडली? चालवणाऱ्याने. इतका सरळ हिशेब, की सगळ्यांना पटला.

नवऱ्यालाही पटला, हे सगळ्यात वाईट.

हाड जुळलं. माणूस जुळला नाही. हल्ली तो गॅसचं बटण बंद आहे ना हे पुन्हा पुन्हा बघतो. दाराला कडी घालतो, बिछान्यावर येतो, उठून परत कडी चाचपतो. गाडीचा विषय निघाला की भरलेल्या बादल्या भरायला जातो. "मीच वेगात असेन गं," म्हणतो. "आठवत नाही, पण असेनच."

आणि हाच माणूस पूर्वी प्रत्येक थांब्यावर उतरून चाकाच्या हबवर तळवा ठेवायचा. लेकराचं कपाळ बघावं तसा. गार असेल तरच पुढे.

अपघाताच्या आदल्या आठवड्यात त्याने धाकट्याला फोन केला होता. ताई तिथेच भाजी चिरत होती. "डावं गरम लागतंय रे."

पलीकडचा आवाज तिच्यापर्यंत आला होता. "नवीन आहे भाऊजी, बसेल हळूहळू. तुम्हाला म्हणजे कुठेही हात लावायची सवयच."

*

गाडी धूळ खात उभी होती. शेवटी ताई म्हणाली, मी चालवते. घरात हसू नाही, रडू नाही, नुसतं "बरं" आलं. पण घाटावर नेण्याआधी उजवी बाजूही उघडून बघायची, एवढी तिची अट. धाकटा आज-उद्या करत राहिला. कधी सामान आलं नाही, कधी बोट चेचलं, कधी वीज नाही. हातोड्याला वीज कधीपासून लागते? आज ती स्वतः बेअरिंगं घेऊन आली आणि न विचारता गाडीखाली जॅक लावला.

विचारायचं कुणाला? गॅरेज बाबांचं. या फरशीवर ती रांगली. बेअरिंगमध्ये ग्रीस भरायला बाबांनी पहिल्यांदा शिकवलं ते तिला: तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यावर दाबत, खरवडत राहायचं, आतल्या छोट्या पोलादी रोळांच्या फटींतून ग्रीस वर येईपर्यंत. "तिच्या हाताला घाई नाही," बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे. मग भाऊ मोठा झाला, आणि ज्या हाताला घाई नव्हती तो हात स्वयंपाकघरात गेला. ज्याला घाई होती त्याच्या नावाची पाटी लागली.

*

झाकण निघालं. वरचा नट, दुमडलेली पत्री चकती, आतला नट. हब दोन्ही हातांनी धरून तिने पोटाशी ओढला आणि फरशीवर पालथा घातला.

बेअरिंगचे भाग दोन. आत रोळांचं कडं. ते सहज हातात येतं. बाहेर पोलादी वाटी. ती हबच्या पोटात ठोकून बसवलेली असते आणि ठोकूनच काढावी लागते. रोळ त्या वाटीवर धावतात. बदलायचं तर दोन्ही बदलायचं. जुन्या वाटीत नवे रोळ घालणं म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर नवी गाडी.

तिने रोळ पुसले. चकचकीत, नवे.

"बघ," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "सांगत नव्हतो?"

तिने फडक्याने वाटी पुसली. तळाशी निळसर डाग, आणि जिथे रोळ धावतात तिथे देवी आल्यासारखे वण.

"आणि हे?"

"हल्ली मालच असा येतो गं. नव्याला चार दिवसांत खड्डे."

तिने पितळी दांडा घेतला, वाटीच्या कडेला लावला आणि हातोडा उचलला.

ठण्.

"ताई, राहू दे, मी काढतो."

ठण्. एकदा या बाजूने, एकदा त्या. एकाच बाजूने ठोकलं की वाटी तिरकी अडकते.

"खांदा भरून येईल तुझा."

ठण्. ठण्.

वाटी सुटली, फरशीवर गोल फिरली आणि आडवी झाली. ताईने ती उचलून उलटी केली. हबच्या आत लपणाऱ्या कडेवर, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे बारीकशी खाच होती. ग्राइंडरला अलगद टेकवून केलेली.

बाबांची रीत होती ती. वाटी बसवण्याआधी एक खाच. पुढे कधी वाटी काढली तर कळावं, ही आपल्या हातची. बाबा गेल्यावर ती रीतही गेली. धाकट्याला असल्या गोष्टींना वेळ नव्हता. आणि या गाडीच्या वाट्या? त्या बसवल्या तेव्हा तिचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. नवरा ट्रक घेऊन आला होता, बाबांनी चारही वाट्या तिच्या ओंजळीत दिल्या होत्या. "जावयाची गाडी आहे. खाच तू कर."

तिने स्वतःच्या अंगठ्याने स्वतःची खाच चाचपली.

*

"नवीन आहे, नाही का?"

धाकटा फरशीकडे बघत होता. "निघत नव्हत्या गं. गंजून धरल्या होत्या. डावीकडची एक ठोकता ठोकता हात सोलला माझा. आणि वरून बऱ्या दिसत होत्या. एवढं तेवढं सगळेच करतात."

"सगळे कोण?"

"सगळे म्हणजे... सगळे."

"बाबा?"

त्याने पायाने फडकं बाजूला सारलं.

"तुझे भाऊजी अंथरुणावर होते तेव्हा तू रोज यायचास. काकडीच्या फोडी खात त्यांच्या उशाशी बसून म्हणायचास, भाऊजी, गाडी म्हणजे खेळणं नव्हे. ते मान हलवायचे. मोडक्या हाडाचा माणूस तुझ्यापुढे मान हलवायचा, आणि तू फोडीला मीठ लावायचास!"

"ताई, हळू. वेल्डर ऐकतोय."

"ऐकू दे ना! विमान त्याला ऐकवलंस, तेव्हा हळू बोलला होतास?"

"भाऊजींना सांगू नकोस. पाया पडतो. गॅरेजचं नाव जाईल."

"गॅरेजचं नाव जपतोस? आणि माणसाला नाव ठेवतोस?"

*

बसवताना सगळं उलट्या क्रमाने.

नव्या वाट्या ठोकल्या. तळहातावर ग्रीस घेतलं. इतक्या वर्षांनी हाताला आठवतं का, असा प्रश्न हाताला पडलाच नाही. सील बसवलं, हब चढवला, नट घेतला. आणि इथे ती चुकली. पान्ह्यावर सगळं अंग टाकून तिने नट आवळला: हा फोनसाठी, हा फोडींसाठी, हा बादल्यांसाठी. हब फिरवून बघितला तर जागचा हलेना.

असंच सोडलं असतं तर दोन वळणांत बेअरिंग जळलं असतं. नवीन असूनसुद्धा.

बाबा म्हणायचे, घट्ट कर, हब फिरव, मग नट थोडा मागे सोड. तिने नट थोडा मागे सोडला. हब एका बोटाने फिरला, आवाज न करता. राग होता तिथेच घट्ट राहिला.

मग डावी बाजूही उघडली. तिथल्या वाट्या नव्या निघाल्या. अपघातानंतर बसवायला याला जमल्या होत्या तर! तिने ती बाजू मुकाट्याने बंद केली.

"बस गाडीत," ती म्हणाली.

"कुठे?"

"आणि ही वाटी धर हातात. फडक्यात नाही. अशीच."

*

हॉर्न ऐकून नवरा दारात आला. पाय किंचित ओढत. हातात बादली होती.

धाकटा सीटवर बसून राहिला. मांडीवर वाटी, पँटला ग्रीस.

नवरा दोघांकडे न बघता गाडीकडे आला. बादली खाली ठेवली. हात पुढे गेला, थबकला, मागे आला. मग त्याने उजव्या हबवर तळवा ठेवला. गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवला. पुढून वळसा घालून डाव्यावर ठेवला.

"गार आहेत," तो म्हणाला. "दोन्ही."

"असणारच. आता याला काय म्हणायचंय ते ऐका."

धाकटा उतरला. "भाऊजी..." म्हणाला. त्याने वाटी पुढे केली.

नवऱ्याने ती उजेडात धरली. वणांवरून बोट फिरवलं. मग उलटी केली. खाच पडली तेव्हा तो ग्राइंडरशेजारीच उभा होता, नवा जावई, ठिणग्या उडतात म्हणून बायकोला मागे ओढत. त्याने खाचेवर अंगठा ठेवला.

"ही डावीकडची?"

"उजवीकडची. डावीकडचीपण... अशीच होती."

"मी फोन केला होता."

"हो."

"गरम लागतंय म्हणालो होतो."

"हो भाऊजी."

ताई वाट बघत होती. आता तो ओरडेल. याची गचांडी धरेल. तिला ते हवं होतं; दिवसभर तिने त्या ओरडण्यासाठी जागा करून ठेवली होती. नवऱ्याने वाटी शर्टाच्या खिशात टाकली. वजनाने खिसा खाली ओढला गेला. त्याने ताईपुढे हात केला.

"किल्ली दे. जरा बाजारातून येऊ."

तो चालकाच्या जागी चढला. ताई शेजारी. धाकट्याने मागच्या फाळक्याला हात घातला.

"तू नको," नवरा म्हणाला. "तू चालत ये."

गाडी निघाली. पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलाने, पानवाल्यापुढून, शिंप्यापुढून, वेल्डरच्या शेडपुढून. मागे हॉर्न वाजायला लागले. नवऱ्याने वेग वाढवला नाही. उजव्या चाकाच्या बाजूने, त्याच्याबरोबरीने, ग्रीसने माखलेला धाकटा चालत होता.